होडीत दिलेला शब्द

घर, मागची खोली
४ डिसेंबर

धाकट्या,

मी, तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, विमा कंपनीत दाव्यांची छाननी करणारा अधिकारी, हे पत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. हेतू एकच आहे. गेल्या रविवारी आमच्या घरी, आमच्याच टेबलावर, माझ्याच बायकोपुढे तू जी हकीकत सांगितलीस, ती तू स्वतःच्या तोंडाने मागे घ्यावीस. वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलेले नाहीत, ते विसरलो म्हणून नव्हे.

फोन तू उचलत नाहीस. संदेश वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून कागद. घरच्या पत्त्यावर पाठवले तर तुझी बायको उघडेल आणि तुला दिलेला माझा शब्द मोडेल, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर, पाकिटावर 'खासगी' असे लिहून पाठवत आहे. तो शब्द मी अजून किती जपतो आहे, ते यावरून तुझ्या ध्यानात यावे.

तू काय म्हणालास ते शब्दशः उतरवतो. खोटी विधाने शब्दशः उतरवणे हे माझे रोजचे काम आहे.

"ताई, तुला सांगतो, मागे वळून बघतो तर भाऊजी गायब! नुसती टोपी तरंगतेय. मग काय, धरलं मानगुटीला आणि खेचत नेलं होडीपर्यंत. केसच धरणार होतो, पण आहेत कुठे?"

सगळे हसले. तुझी ताई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याचा जग पुढे सरकवला. तुझ्या बायकोने विचारले, "खरंच हो, भाऊजी?" मी म्हणालो, "पाणी फार गार होतं." त्या टेबलावर उच्चारले गेलेले ते एकमेव खरे वाक्य.

आता घडले ते असे. तुला ते ठाऊक आहे, पण तू ते विसरू लागला आहेस अशी मला शंका येते, म्हणून लिहून ठेवतो.

ट्रायथलॉनचे वेड आपल्या दोघांना एकाच वर्षी लागले. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे, आणि मध्ये दम खायला बसायचे नाही. तू तुझ्या शहरात सराव केलास, मी माझ्या. तरणतलावात तू माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान आहेस. हे मी नेहमी मान्य केले आणि आजही करतो. म्हणूनच तुझी गोष्ट सर्वांना इतकी सहज पटली.

स्पर्धा मात्र जलाशयात होती. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पहिल्या पिवळ्या फुग्यापर्यंत तू माझ्या बराच पुढे होतास. त्या फुग्याला वळसा घातला तेव्हा तू मला समोर दिसलास, पोहताना नव्हे, उभा. पाण्यात उभा राहून हातपाय झाडत होतास. मी जवळ येऊन विचारले, "काय झालं?" तू मला धरलेस. हात वर करून बचावपथकाच्या होडीला बोलावले ते मी, आणि तुझ्यासाठी. तू माझा खांदा सोडेनास, म्हणून त्यांनी दोघांनाही वर ओढून घेतले. होडीत चढला त्याची स्पर्धा तिथेच संपते. माझीही संपली. घोट्याला बांधलेली, वेळ नोंदवणारी चिप काढून त्या माणसाच्या हातावर ठेवली, तेव्हा काठावर माझी सायकल पंपाने हवा भरून, पाण्याची बाटली अडकवून तयार उभी होती. त्याबद्दल मी तुला एका शब्दाने बोललो नाही. आजही बोललो नसतो.

होडीत तू घोंगडी पांघरून बसलास. दात वाजत होते. म्हणालास, "खाली काहीच नव्हतं, भाऊजी. तळच नव्हता." मग माझे मनगट धरून म्हणालास, "ताईला सांगू नका. ऑफिसात तर नकोच. शब्द द्या."

मी म्हणालो, "दिला. दोघांच्याही पायात गोळे आले, एवढंच सांगू."

शब्द इतकाच होता. मी गप्प राहीन, असा. तू वाटेल ते बोलावेस, असा त्यात एकही अंश नव्हता. घाबरलेल्या माणसाला मी झाकले. त्या पांघरुणाचा तू स्वतःसाठी अंगरखा शिवलास, हे मला सहन होत नाही.

ताईला फोन कर. 'मी चढवून सांगितलं' एवढे तीन शब्द पुरतील. बाकीचे मी विचारणार नाही.

भाऊजी


घर, मागची खोली
१९ डिसेंबर

धाकट्या,

पत्र पोहोचले हे तुझ्या फोनवरून कळले. तो फोन मला यायला हवा तेव्हा आला नाही. मी एका जळालेल्या गोदामाच्या मालकाचे म्हणणे ऐकत बसलो होतो. तो शपथेवर सांगत होता की आग लागली तेव्हा तो गावातच नव्हता, आणि त्याच्या भुवया अजून उगवल्या नव्हत्या. अशा वेळी तुझा आवाज कानाशी आला.

"काय भाऊजी, एवढं काय मनाला लावून घेता? गंमत होती हो. जेवताना माणूस बोलतो काहीतरी."

मी म्हणालो, "गंमत होती, तर ताईला सांग, गंमत होती."

"सांगतो की. कधीतरी विषय निघाला की सांगतो."

विषय निघाला की! विषय आमच्या घरातून बाहेर पडला असता तर तो परत निघाला असता. तुझी ताई आता रोज सकाळी माझ्याबरोबर तरणतलावावर येते. तिची रुग्णालयातली पाळी सुरू होण्याआधी, पांढऱ्या गणवेशात, काठावरच्या बाकावर बसते, आणि मी इकडून तिकडे जातो तशी तिची मान इकडून तिकडे जाते. परीक्षेच्या हॉलमधली पर्यवेक्षिकासुद्धा मधूनमधून खिडकीबाहेर पाहते, ही तेवढेही पाहत नाही. माझे कोच तिला म्हणाले, "ताई, ह्यांचं पोहणं म्हणजे मालगाडी. वेग नाही, पण घसरतही नाही." तिने विचारले, "मग त्या दिवशी कशी घसरली?" कोच माझ्याकडे पाहू लागले. मी चष्मा पुसू लागलो. पोहण्याचा चष्मा.

तुला आठवत असेल, स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मानेवर आणि खांद्यावर ओरखडे होते. मी सांगितले की फुग्याची दोरी घासली. परवा ती राहिलेल्या व्रणांवर मलम लावता लावता म्हणाली, "अहो, तीस वर्षं जखमा बघतेय मी. दोरीला नखं असतात का?"

मी म्हणालो, "गर्दी होती. कोणाचा तरी हात लागला."

"कोणाचा तरी?"

"पाण्यात माणूस ओळखू येत नाही."

हे मी बोललो. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झालेल्या बायकोशी, डोळ्याला डोळा न भिडवता. गोदामवाल्याच्या भुवयांवर नजर ठेवणारा मी, आणि माझ्याच घरात माझीच साक्ष अशी लंगडी. हे कोणासाठी, हे तुला सांगायला नको.

फेब्रुवारीत समुद्रातली स्पर्धा आहे. माझी प्रवेशिका उन्हाळ्यातच गेलेली आहे. तुझी ताई 'जाऊ नका' असे म्हणत नाही. म्हणाली असती तर भांडता आले असते. ती म्हणते, "तुम्ही शहाणे आहात, तुम्हीच ठरवा." बायकोने नवऱ्याला शहाणा म्हणावे आणि त्यात इतका अविश्वास असावा, हे मी प्रथमच ऐकले. तुझ्या एका गमतीची ही कमाई आहे.

पुढच्या रविवारपर्यंत तिला फोन कर. मी परत आठवण करणार नाही, असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. मी करीन.

भाऊजी


घर, मागची खोली
८ जानेवारी

धाकट्या,

हे पत्र लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. हे चौथ्यांदा. शांतपणे वाच. मी शांत नाही.

काल संध्याकाळी मला एका अनोळखी बाईंचा फोन आला. तुमच्या ऑफिसातल्या हिशेबनीस बाई. नंबर तुझ्याकडून मिळाला म्हणाल्या. त्यांना विचारायचे होते की खाऱ्या पाण्यासाठी चष्मा वेगळा लागतो का. बोलायला मोठ्या गोड आहेत. चाळिशी उलटल्यावर, गेल्याच वर्षी पोहायला शिकल्या. म्हणाल्या, "तुमच्यावर प्रसंग आला होता ना, त्यामुळे म्हटलं तुम्हाला जास्त माहिती असेल."

मी म्हणालो, "तुम्हाला चष्मा कशासाठी?"

"म्हणजे? सरांनी सांगितलं नाही तुम्हाला? आम्ही तिघं फेब्रुवारीतल्या समुद्रातल्या स्पर्धेला उतरतोय. सर आमचे लीडर. मी तर घाबरतच होते, पण सर म्हणाले, मी अख्ख्या भाऊजींना ओढत आणलं, तुमचं वजन ते काय! काही झालं तर मी आहे ना बाजूला."

मी त्यांना चष्म्याबद्दल सांगितले. दुसरे काही सांगू शकलो नाही. फोन ठेवला. तुझ्या ताईने विचारले, "कोण होतं?" मी म्हणालो, "चुकून लागला."

अरे, तू काय करतो आहेस? तुला कळते का?

आतापर्यंत मला वाटत होते, तुझे खोटे हे हलक्या माणसाचे खोटे आहे. चारजणांत मोठे व्हावे, टाळ्या घ्याव्यात. ठीक. माझे केस गेले, अब्रू गेली, तरी माणसे मरत नाहीत. पण तू ती गोष्ट सांगता सांगता तिच्यातच राहायला गेलास. आता तू तिच्यातून समुद्रात उतरणार आहेस, आणि तीन माणसांना बरोबर नेणार आहेस. त्यांतल्या एका बाईने गेल्या वर्षीपर्यंत गुडघ्याच्या वर पाणी पाहिले नव्हते.

मी पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. कोणालाच सांगितलेली नाही. आज लिहितो.

तू मला धरलेस एवढेच मी लिहिले. तू मला नुसते धरले नव्हतेस. तू माझ्यावर चढलास. दोन्ही गुडघे माझ्या छातीवर, दोन्ही हात डोक्यावर, आणि तू मला खाली दाबून स्वतः वर गेलास. मी खाली गेलो. मी डोळे उघडे ठेवले होते. पाणी आधी हिरवे होते, मग तपकिरी, मग काही नाही. वर तुझे पाय दिसत होते. मी तुझा घोटा धरला, तू लाथ मारलीस. मी सुटलो, वर आलो, श्वास घेतला, आणि तू पुन्हा माझ्यावर आलास. दुसऱ्या वेळी मी खाली जाताना मला तुझ्या ताईचा चेहरा वगैरे दिसला नाही. मला एवढेच वाटले की हा मला मारणार, आणि ह्याला कळणारही नाही की आपण मारले.

मी वाचलो ते यामुळे की कोचने शिकवले होते, बुडणारा माणूस अंगावर आला की वर येऊ नये, आणखी खाली जावे, तो आपोआप सोडतो. मी आणखी खाली गेलो. तू सोडलेस. मी तुझ्या पाठीमागून वर आलो आणि तुझ्या काखेत हात घालून दुसरा हात वर केला. हे मला शिकवलेले होते. त्या हिशेबनीस बाईंना शिकवलेले नाही.

तुझ्यावर राग आहे तो त्या लाथेचा नाही. घाबरलेल्या माणसाचे पाय त्याचे नसतात. त्याबद्दल मी कधीही, कोणापुढेही, तुला दोष देणार नाही. राग याचा आहे की तुला ते माहीत आहे. समुद्रात तोंड पाण्यात घातलेस आणि खाली तळ दिसला नाही की तुझे काय होते, हे या पृथ्वीवर दोनच माणसांना माहीत आहे, आणि त्यांतला एक, म्हणजे मी, माझ्याच शब्दाने मुका होऊन बसलो आहे.

म्हणून असे कर. तिघांना सांग की मला उघड्या पाण्याची भीती वाटते, मी येत नाही. त्यात लाज नाही. भीती घालवायची असेल तर इकडे ये. जलाशयाच्या उथळ काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात, मी तुझ्या शेजारी उभा राहतो. कोणाला कळणार नाही. चार महिने लागतील, सहा लागतील. हे मी रागातही लिहितो आहे, कारण ते खरे आहे.

आणि यातले काहीच करायचे नसेल तर महिनाअखेरपर्यंत मला तसे स्पष्ट कळव. त्यानंतर मी काय करायचे ते मी ठरवीन.

भाऊजी


ऑफिस, जेवणाची सुटी
२३ जानेवारी

धाकट्या,

तुझे उत्तर मिळाले. तेही कागदावर, ऑफिसच्या शिक्क्याच्या पाकिटात. निदान तेवढी रीत तू पाळलीस.

तू लिहितोस, "समुद्रात होड्या पुष्कळ असतात." लिहितोस, "त्या दिवशी पोट बिघडलं होतं, म्हणून तसं झालं." लिहितोस, "मोठ्या साहेबांनी पूर्ण ऑफिसपुढे माझं नाव घेतलंय, आता मागे फिरलो तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." लिहितोस, "तुम्हाला वाईट वाटतंय की तरुण माणूस पुढे जातोय." तू शेहेचाळीस वर्षांचा आहेस, धाकट्या. सगळे धाकटा म्हणतात म्हणून तू तरुण होत नाहीस.

या सर्वांना मी उत्तर दिले असते. पण शेवटची ओळ वाचली आणि मला जेवण गेले नाही. डबा तसाच बाजूला आहे. तू लिहितोस:

"आणि भाऊजी, तुम्ही शब्द दिलाय. तुम्ही शब्द मोडणाऱ्यांतले नाही, हे मला पक्कं माहीत आहे."

म्हणजे तू हे धरून चालला आहेस. तुझ्या बेतात माझा प्रामाणिकपणा बचावपथकासारखा उभा आहे. मी आयुष्यभर जे सांभाळले, ज्यावरून ऑफिसात मला 'कानामात्रा' म्हणतात, ज्यासाठी बढतीसुद्धा एकदा हातची गेली, ते तुझ्या उपयोगी पडते आहे! मी सरळ आहे म्हणून तू वाकडा चालू शकतोस. इतका अपमान त्या टेबलावरही झाला नव्हता.

आता माझे ऐक. मी शब्द मोडणाऱ्यांतला नाही, हे बरोबर आहे. आज पहिल्यांदा मोडणार आहे. तुला न सांगता मोडला असता तर ती चहाडी झाली असती, म्हणून आधी लिहितो. हे पत्र टपालाने नाही, ऑफिसच्या शिपायाच्या हाती दुपारच्या गाडीने खास पोहोचवतो आहे, म्हणजे संध्याकाळी ते तुझ्या टेबलावर असेल. उद्या सकाळी तरणतलावावर मी तुझ्या ताईला सांगेन. तोवर तू स्वतः सांगितलेस तर मला तोंड उघडावे लागणार नाही. मोबाइल मी सुरू ठेवतो आहे.

भाऊजी


समुद्रकाठची लॉज, खिडकीजवळचे टेबल
९ फेब्रुवारी, संध्याकाळ

धाकट्या,

तू पाठवलेला 'संपलं आपलं' हा संदेश माझ्याकडे आहे. तरी लिहितो. माझ्या बाजूने जे घडले ते तुझ्याकडे पूर्ण असावे, म्हणून.

त्या सकाळी तुझा फोन आला नाही. मी पाण्यातून बाहेर आलो, टॉवेल गुंडाळला, बाकावर तुझ्या ताईच्या शेजारी बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. खाली गेलो होतो तेही सांगितले. ती मला मध्ये अडवेल, रडेल, तुझी बाजू घेईल, अशी सर्व तयारी मी केली होती. ती म्हणाली,

"दोन महिने मी इथं बसून तुमच्यावर डोळा ठेवतेय. आणि तिकडे तो समुद्रात निघालाय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"पंधरा दिवसांपासून."

"पंधरा दिवस! अहो, शब्द त्याला दिला होता, मग मी कोण होते? परकी?"

  ती माझ्यावर रागावलेली आहे आणि तिचा राग रास्त आहे. तुला वाटत असेल की मी तिच्यापुढे उजळ होऊन बसलो असेन, तर तसे नाही. त्या दिवसापासून ती मला 'तुम्ही शहाणे आहात' म्हणत नाही, एवढाच फरक.

मग तिने तिथूनच तुला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. पुढचे तुला ठाऊक आहे, पण इकडून ते कसे ऐकू आले ते वाच.

ती म्हणाली, "धाकट्या, खाली तळ दिसला नाही की तुला काय होतं?"

 तू म्हणालास, "भाऊजींनी सांगितलं?"

"मी जे विचारलं त्याचं उत्तर दे."

"ताई, तसं काही नाही गं, ते उगाच..."

"तू समुद्रात जाणार नाहीस."

"माझ्यावर तीन माणसं विसंबून आहेत!"

"म्हणूनच. त्यांना तू सांगतोस की मी सांगू?"

तू फोन आपटलास. ताईने तो पर्समध्ये ठेवला, गणवेशाच्या बाह्या नीट केल्या आणि पाळीला गेली. बसमध्ये चढताना मागे वळून म्हणाली, "अंग पुसा. सर्दी होईल."

तू तिघांना सांगितले नाहीस. मला तेच वाटले होते. म्हणून स्पर्धेच्या पाण्यातल्या बंदोबस्ताच्या प्रमुख बाईंना मी दूरध्वनी केला. या बाई एका वाक्यात दोन कामे करतात. म्हणाल्या, "नाव सांगा, कारण सांगा, तुमचं भांडण सांगू नका." मी सांगितले. म्हणाल्या, "तिघा नव्यांना चाचणीला बोलावते, त्यांच्या लीडरला आधी. खोल पाण्यात, माझ्यासमोर. पास झाला तर उतरेल, नाही तर नाही. तुमच्या शब्दावर मी कोणाला काढत नाही आणि कोणाला घेतही नाही." मला ते पटले. तू पास झाला असतास तर मी तुझी जाहीर माफी मागितली असती. मनापासून सांगतो, मागितली असती.

तू चाचणीला आला नाहीस. ताप आहे असे कळवलेस. तुझे नाव निघाले. हिशेबनीस बाई पास झाल्या, दुसऱ्या दोघांपैकी एक पास झाला, एक स्वतःच म्हणाला, "बाई, मला सायकलच बरी."

आजची हकीकत. माझी सायकल आणि माझे धावणे यांत तुला रस नसेल, आणि सांगण्यासारखेही फार नाही. वारा सायकल रस्त्याच्या कडेला ढकलत होता. उतरल्यावर पाय दुसऱ्याच कोणाचे तरी होते आणि त्यांना मला धावायला लावायचे होते. शेवटच्या वळणावर एक आजोबा माझ्या पुढे गेले आणि जाता जाता म्हणाले, "चल रे पोरा." मी गेलो. शेवटच्या काहीजणांत संपवले. ताई रेषेपलीकडे उभी होती. तिने पदक पाहिले नाही, नाडी पाहिली.

पोहण्याबद्दल मात्र तुला सांगायचे आहे, कारण तुला कधी कोणी सांगणार नाही. समुद्रात उतरलो, तोंड पाण्यात घातले, आणि खाली काही नव्हते. तू म्हणाला होतास तसेच, तळच नव्हता. मला माझ्या डोक्यावर दोन हात जाणवले. तुझे. प्रत्यक्षात तिथे कोणी नव्हते, पण मी खाली जाऊ लागलो, आणि मला कळले की तुला त्या दिवशी नेमके काय झाले असेल. मी पाठीवर उलटा झालो. नियमाप्रमाणे तशी विश्रांती घेता येते, होडीला धरूनही थांबता येते, हे मी तुला कधी सांगितले नव्हते का? सांगितले होते. आभाळाकडे पाहत पडलो. एक होडी जवळ आली, त्यातली बाई म्हणाली, "काका, काय?" मी म्हणालो, "काही नाही. घाबरलोय. जरा पडतो." ती म्हणाली, "पडा." थोड्या वेळाने पुन्हा पालथा झालो आणि पोहू लागलो.

'घाबरलोय.' त्या बाईने हसून पाहिले नाही की ते लिहून घेतले नाही. कोणाला काही झाले नाही. एवढे म्हणता येत नाही म्हणून तू तीन माणसे समुद्रात घेऊन निघाला होतास.

हिशेबनीस बाई माझ्या बऱ्याच नंतर बाहेर आल्या. वाळूवर गुडघे टेकून खोकल्या आणि मग हसल्या. त्यांना अजून काही माहीत नाही. "सर आजारी पडले, बिचारे," म्हणाल्या. मी 'हो' म्हणालो. तुझ्यासाठी बोललेले हे माझे शेवटचे खोटे.

आणि मी पाण्यातून बाहेर येत होतो तेव्हा दोरीपलीकडे, प्रेक्षकांत, तू उभा होतास. ताप वगैरे काही दिसला नाही. इस्त्रीचा शर्ट, बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. आपली नजरानजर झाली. मी हात वर करणार होतो, तेवढ्यात तू पाठ फिरवलीस.

फिरव. जन्मभर फिरव. तू मला माझा शब्द मोडायला लावलास आणि त्याबद्दल मी तुला माफ करत नाही; आज नाही, आणि पुढचे मला माहीत नाही. पण मी सायकलकडे धावत असताना त्या पाठीकडे दोनदा वळून पाहिले, आणि ती कोरडी होती, सुखरूप होती.

तुझा भाऊजी
समुद्रकाठची लॉज
९ फेब्रुवारी